नकाशातली गडर लाइन

आमच्या गल्लीत गडर लाइन आहे, हे मला पहिल्यांदा घरटॅक्सच्या बिलावरून कळलं. तोवर त्या गल्लीत राहून मला चौदा वर्षं झाली होती.

बिल दरवर्षी नवराच भरायचा. शेवटचा आकडा बघायचा, दोन शिव्या द्यायचा आणि भरून यायचा. त्या वर्षी त्याची पाठ धरली म्हणून बिल माझ्या हातात आलं. मी हायस्कुलात गणित शिकवायची. रकाने दिसले की वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला 'मलप्रवाह लाभ कर', म्हणजे संडासाचं पाणी नेणाऱ्या जमिनीखालच्या गडर लाइनचा कर. मी चष्मा पुसून परत वाचलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. आमचा लाभ समोरच्या घराच्या टाक्यातून पाझरून, रस्त्याच्या कडेकडेनं वाहत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीच्या पायरीपर्यंत पोचला होता.

आमचा ले-आउट रिंगरोडच्या पलीकडे. मूळची तुरीची जमीन. एका सोसायटीनं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आणि शहरातल्या जुन्या महाल भागात दोन-दोन खोल्यांत भाड्यानं कोंबून राहणाऱ्या आमच्यासारख्यांना विकले. रस्ता येईल, नळ येईल, गडर येईल, असं विकणारा बोट दाखवून सांगायचा. जिकडे तो बोट दाखवायचा तिकडे तेव्हा बाभळी होत्या. विजेचे खांब आले, बऱ्याच वर्षांनी नळ आला. गडर आली नाही. प्रत्येकानं आपापल्या अंगणात सेप्टिक टँक बांधला. जमीन काळी. काळी माती पाणी पीत नाही, आणि पावसाळ्यात तर प्यायलेलंही ओकते. आषाढापासून दसऱ्यापर्यंत टाकी तुंबायची, झाकणांच्या कडांतून पाणी यायचं आणि बेचाळीस घरं नाकाला पदर-रुमाल लावून एकमेकांना दोष द्यायची.

टाकं उपसायला गाडी बोलवावी लागे. एकदा मी त्या गाडीवाल्याला विचारलं, "हे नेऊन कुठं टाकता गा?"

"मांगं नाल्यात, मॅडम. अजून कुठं?" तो म्हणाला. म्हणजे आम्ही पैसे मोजून आमची घाण घरापुढून उचलत होतो आणि घरामागे नेऊन ठेवत होतो.

माझा मुलगा पुण्याला असतो. लग्नानंतर तो पावसाळ्यात यायचाच बंद झाला. "आई, हिला त्या वासानं मळमळतं," असं फोनवर म्हणाला. त्याच घरातून तो दहावी-बारावी-इंजिनियर झाला होता. तेव्हा त्याचं नाक शाबूत होतं की नव्हतं कोणास ठाऊक.

बिल घेऊन मी चक्कीवर गेले. चक्कीवाल्या काकू माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. रामटेककडच्या शेतकरी घरातल्या, नवरा लवकर गेला, तेव्हा कोपऱ्याच्या प्लॉटवर चक्की टाकून त्यांनी दोन मुली शिकवल्या. दारात घाण पाणी येतं म्हणून त्यांनी चक्कीची पायरी तीनदा उंच केली होती. आता ती इतकी उंच होती की म्हातारी माणसं डबा खालूनच वर द्यायची. मी त्यांना तो रकाना वाचून दाखवला.

"लाभ कर?" काकूंनी पिठाचे हात झटकले. "कोनाचा लाभ वं मॅडम?"

"आपला."

"आपल्याले लाभ होऊन राहिला अन् आपल्यालेच मालूम नाही?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथं एक ज्युनियर इंजिनियर होता, तिशीतला, केसांना जेल लावलेला. मी काय म्हणते ते त्यानं मोबाइलमधून मान वर न करता ऐकलं. मग कपाटातून एक नकाशा काढून टेबलावर पसरला. आमचा ले-आउट, आमची गल्ली, आणि गल्लीच्या मधून जाणारी तांबडी रेघ. रेघेवर ठरावीक अंतरानं गोल. ते गोल म्हणजे चेंबर.

"हे पाहा. लाइन दाखवून राहिली ना?"

"नकाशात दाखवून राहिली. गल्लीत नाही."

"असं कसं? नकाशात आहे म्हणजे आहे."

"तुम्ही कधी आले काय आमच्या गल्लीत?"

"मॅडम, माझ्याकडे चार वॉर्ड आहेत." हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की जणू मीच त्याचे तीन वॉर्ड अडवून बसले होते. "जुनं काम आहे. वर माती आली असेल, चेंबर दबले असतील. तुमच्या लोकांनीच बुजवले असतील."

मी तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत. वही घरी राहिली, वही भावानं फाडली, वही पावसात भिजली. पण वही केलेलीच नसताना 'तुम्हीच ती बुजवली' असं एकाही पोरानं मला कधी सांगितलं नव्हतं. नोकरी लागल्यावर माणूस किती प्रगती करतो ते मला त्या टेबलापाशी कळलं.

त्या वर्षी मी सात अर्ज केले. सगळ्यांना एकच उत्तर: सदर ठिकाणी मलवाहिनी अस्तित्वात असल्याने नवीन प्रस्तावाचा प्रश्न उद्भवत नाही. आधी लाइन नाही हे सिद्ध करा, मग लाइन मागा. नसलेली वस्तू नाही हे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न मी चक्कीवर काकूंना घातला. काकूंना त्यात अवघड काहीच दिसलं नाही.

"खोदून दाखवू ना मंग," त्या म्हणाल्या. "इकडून तिकडं. सापडली तं त्याहिची, नाही सापडली तं आपली."

मी तसा अर्जच लिहिला. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही रहिवासी आमच्या गल्लीतील मलवाहिनीचा शोध घेणार आहोत, कृपया आपण उपस्थित राहावे. त्याची पोच घेतली.

रविवारी गल्लीत भाड्यानं राहणारे दोन गवंडी भाऊ कुदळ-फावडं घेऊन आले. काकू आल्या, मी आले. माझा नवरा पाठीला पट्टा बांधून खुर्ची टाकून बसला. बाकीची गल्ली गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत उभी राहिली. आमच्या समोर एक तीन मजली घर आहे. खाली मालक, वर चार भाडेकरू. या मालकांना मी आपली मनातल्या मनात तीनमजली म्हणते. बँकेतून रिटायर झालेले, आणि गल्लीत ज्याला त्याला सल्ला देणारे. ते चहाचा कप घेऊन वरून सांगत होते, "थोडं डावीकडे घ्या. नकाशात डावीकडे आहे." नकाशा त्यांनी पाहिलेला नव्हता. खाली येऊन एक घमेलं उचला म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, मले बीपी आहे."

गल्लीच्या एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत, छातीएवढा खोल चर खणला. दुपारचे दोन वाजले. वर मुरूम, खाली काळी माती, त्याखाली चोपण. सापडलं काय तर नळाची एक लाइन, एक फुटकी बरणी आणि कोणाची तरी जुनी चप्पल. इंजिनियर आला नाही. गवंड्यांतला थोरला चरात उभा राहून म्हणाला, "मॅडम, ह्याच्या खाली तं आता पाताळच आहे."

मी फोटो काढले. संध्याकाळी चर बुजवला.

इंजिनियर मंगळवारी आला. लाइन बघायला नाही. सार्वजनिक रस्ता विनापरवाना खोदला म्हणून नोटीस द्यायला. चौदा वर्षांत त्या ऑफिसचं माणूस आमच्या गल्लीत पहिल्यांदा आलं ते आमच्यावर गुन्हा लावायला. सोबत एक शिपाई आणि एक छापील पंचनामा. काकू चक्की बंद करून धावत आल्या.

"काहून गा, रविवारी काहून नाही आला?"

"सुट्टी असते, आजी."

"आमची बी होती."

त्यानं तिकडे दुर्लक्ष केलं आणि पंचनामा भरायला घेतला. नुकसान झालेल्या रस्त्याचा प्रकार, या रकान्यात त्यानं लिहिलं: डांबरी. मी पायाखाली पाहिलं. मुरूम. गडरसारखा आमच्याकडे डांबरी रस्ताही होता तर, फक्त आम्हाला दिसत नव्हता. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात माझं लक्ष पुढच्या रकान्याकडे गेलं. खोदकामात बाधित झालेल्या भूमिगत वाहिन्या. मी गप्प बसले. त्याला बिचाऱ्याला घाई होती. त्यानं विचारलं, "नळाची लाइन फुटली काय?" मी म्हटलं, नाही. "केबल?" नाही. "गडर?"

"खड्ड्यात गडर सापडली नाही," मी शाळेत श्रुतलेखन सांगते तसं सावकाश सांगितलं. "तुम्हीच लिहा काय लिहायचं ते."

त्यानं लिहिलं: चर रस्त्याच्या पूर्ण रुंदीत, खोली अंदाजे साडेचार फूट, मलवाहिनी आढळून आली नाही, सबब नुकसान निरंक. खाली सही केली, तारीख टाकली, शिक्का मारला. माझी सही घेतली. काकूंचीही घेतली.

दंड मी दुसऱ्याच दिवशी भरला. ऑफिसातला कारकून चकित झाला. दंड भरायला माणूस हसत आलेलं त्यानं बघितलं नसावं. पावती आणि पंचनाम्याची नक्कल घेऊन मी तशीच दुसऱ्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे गेले. मोठे साहेब दोन महिन्यांत रिटायर होणार होते, आणि त्या वयातल्या माणसाला असते तशी त्यांना एकच काळजी होती: आपल्या सहीच्या खाली काही निघू नये. एका बाजूला त्यांचा नकाशा, एका बाजूला त्यांच्याच इंजिनियरनं शिक्का मारून दिलेला पंचनामा. त्यांनी दोन्ही कागद तीनदा वाचले. मग घंटी वाजवली. जेलवाला आला. साहेब 'निरंक' शब्दावर पेन ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसलं ते एवढंच, की चौदा वर्षांच्या घाणीनं त्या टेबलावर कोणाला लाज वाटली नव्हती; एका शब्दानं वाटली.

त्यानंतर प्रस्ताव झाला. मुख्य लाइन आमच्या शेजारच्या बंगल्यांच्या कॉलनीतून जाते. त्या कॉलनीच्या शेवटच्या चेंबरपासून आमच्या गल्लीपर्यंत पाइप टाकायचे. खर्चाचा मोठा वाटा ऑफिसचा, आणि घराघरानं जोडणीची वर्गणी भरायची. वर्गणी गोळा करायला समिती पाहिजे, म्हणून समिती झाली, आणि अर्ज लिहिता येतात म्हणून मी सचिव झाले. त्या वर्गणीची गोष्ट मी लांबवत नाही. गवंडी भावांनी भाड्याच्या घरासाठी, मालकाची वाट न बघता, दोन हप्त्यांत भरली. तीनमजलींनी सांगितलं, "आधी लाइन येऊ द्या, मंग पाहू. सरकारचं काम आहे, आपण काहून भरायचं?" ते असं म्हणाले म्हणून आणखी सहा घरांनी तसंच म्हटलं. त्यांचे पैसे शेवटी काकूंनी आणि आम्ही मिळून भरले, नाहीतर काम अडलं असतं.

मग कॉलनीनं हरकत घेतली.

त्यांच्या क्लबहाउसमध्ये बैठक बोलावली गेली. मी आणि काकू गेलो. गेटवर वॉचमननं आमची नावं वहीत लिहून घेतली; तो वॉचमन आमच्याच गल्लीतला, तरी त्यानं काकूंना "कोणाकडे जायचं?" विचारलं. आत थंडगार हवा, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ होते. बोलणं इतकं मऊ की आपला अपमान होतोय हे कळायला थोडा वेळ लागावा.

"आमचा विरोध नाही हो मुळीच," ते म्हणाले. "तुम्हालाही सुविधा मिळायलाच हव्यात. पण तांत्रिक अडचण आहे. तुमचा भाग सखल आहे. पाणी चढावर कसं जाणार?"

"आमची गल्ली तुमच्या शेवटच्या चेंबरपेक्षा वर आहे," मी म्हटलं. "सव्वादोन फूट. आम्ही मोजलंय."

खरंच मोजलं होतं. गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघे भाऊ आणि मी एक अख्खी सकाळ टप्प्याटप्प्यानं त्यांच्या चेंबरपर्यंत गेलो होतो. मी वही पुढे केली. अध्यक्षांनी वहीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"लेव्हल हा एक भाग झाला. पण आमची लाइन आमच्या कुटुंबांच्या हिशोबानं टाकलेली आहे. तुमच्याकडे वस्ती दाट. सवयी वेगळ्या. काहीही टाकतात लोक. लाइन चोक झाली तर आमच्या घरांत उलटं येईल. आमच्या लोकांना ते सहन होणार नाही."

मागून एक बाई म्हणाल्या, "ॲक्चुअली वासाचाच प्रॉब्लेम आहे."

मी उत्तर शोधत होते; पाइपाचा व्यास, उतार, असं काहीतरी. तेवढ्यात काकू उठल्या. त्यांच्या भुवयांवर नेहमीसारखं पीठ होतं.

"मी लहान तोंडी बोलतो साहेब," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका 'बोलतो' म्हणतात. "तुमच्या ह्या कॉलनीतल्या वीस-बावीस घरचे डबे माह्या चक्कीवर येते. तुमच्याच घरचा बी येते. तुमच्या बाईले गहू बारीक लागते, मले मालूम आहे. आमच्या चक्कीचं पीठ तुमच्या पोटात चालते. तं आमच्या पोटातलं तुमच्या पाइपात काहून नाही चालत?"

अध्यक्ष घड्याळ बघू लागले. ती वासवाली बाई लालबुंद झाली. आम्हाला चहा न देता बैठक संपली. बाहेर आल्यावर वॉचमन काकूंना हळूच म्हणाला, "मस्त बोलल्या, काकू," आणि पुन्हा सरळ उभा राहिला. मला त्याचाही राग आला.

काकूंच्या बोलण्यानं कॉलनीचं मन वळलं असं मी लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. त्या महिन्यात कॉलनीतल्या पंधरा घरांनी डबे दुसऱ्या चक्कीवर पाठवायला सुरुवात केली. काम पुढं सरकलं ते वेगळ्याच कारणानं. निवडणूक तोंडावर आली, आणि आमच्या भागाच्या भाऊंना कोणीतरी मतदारयादी उघडून दाखवली. भाऊ म्हणजे आमचे लोकप्रतिनिधी. गल्लीत कधी दिसत नाहीत. फ्लेक्सवर दिसतात, मोबाइल कानाला लावून. कॉलनीत माणसं थोडी आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी काढून बाहेरगावी जाणारी. आमच्याकडे एकेका घरात भाडेकरू धरून अकरा-अकरा मतं. भाऊंनी बेरीज केली असावी. तेवढं गणित त्यांना येत होतं. आठवड्याभरात कॉलनीची तांत्रिक अडचण दूर झाली.

जेसीबी आली, पाइप आले. जिथं आम्ही चर खणला होता तिथंच पहिला चेंबर बसला. काम चालू असताना मी रोज शाळेतून येताना उतार बघायची आणि ठेकेदाराच्या माणसांना भंडावून सोडायची. ते मला बघितलं की म्हणायचे, "आली हेडमास्तरीन." मला चाललं.

उद्घाटनाला भाऊ नारळ घेऊन आले. मंडप घातला होता, नेमका चक्कीच्या दारात, त्यामुळे त्या दिवशी चक्की बंद. भाऊंनी भाषणात सांगितलं की ही लाइन त्यांच्या स्वप्नात होती. गडर लाइन स्वप्नात येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग त्यांनी सत्कार केला, तो तीनमजलींचा, ज्येष्ठ नागरिक म्हणून. तीनमजलींनी शाल घेतली आणि या कामासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो असं सांगितलं. जोडणीही पहिली त्यांचीच झाली. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "बोलू काय मी?"

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "आज पह्यल्यांदा माही पायरी कोरडी आहे. मले ते पाहू दे."

आमचं टाकं शेवटचं उपसलं, त्यात विटांचे तुकडे आणि माती भरली, वर नवऱ्यानं कढीपत्ता लावला. मुलगा त्या पावसाळ्यात बायकोला घेऊन आला. चार दिवस राहिला आणि "आता किती छान वाटतं ना इथं," असं म्हणाला. मी त्याला पोहे वाढले.

दोन वर्षं बरी गेली. मग नाल्यापलीकडे नवीन वस्ती झाली. वीटभट्टीवर आणि बांधकामावर जाणारी माणसं, टिनाची घरं, काही पक्की. आमचे ते गवंडी भाऊही तिकडे स्वतःची जागा घेऊन गेले होते. त्यांची लाइन आमच्या शेवटच्या चेंबरला जोडायची होती, आणि ऑफिसला आमच्या समितीचं ना-हरकत पत्र हवं होतं. मी बैठक बोलावली. तीनमजलींच्या हॉलमध्ये, कारण त्यांच्याकडे खुर्च्या होत्या.

"विरोध नाही आपला," तीनमजली म्हणाले. "पण आपली लाइन आपल्या घरांच्या हिशोबानं टाकेल आहे. थे लोकं काहीही टाकतात. चोक झाली तं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांच्या वर्गण्या काकूंनी आणि आम्ही भरल्या होत्या त्यांनीही हलवल्या. काकू म्हणाल्या, "लाज वाटू द्या गा जराशी," तर एका बाईनं त्यांना "तुमचं काय जाते, तुमची पायरी तं उंच आहे," असं ऐकवलं. पाइपाचा हिशोब मी आदल्या दिवशीच केला होता. तशा तीन वस्त्या त्यात मावल्या असत्या. मी तो वाचून दाखवला. कोणी ऐकला नाही. आणि मी खरं सांगते, हिशोब करायला बसताना माझ्याही मनात क्षणभर येऊन गेलं होतं की पाइप अपुरा निघाला तर बरं, वाद तरी मिटेल. त्या क्षणाबद्दल मला स्वतःचा जेवढा तिटकारा आला तेवढा त्या हॉलमधल्या कोणाचा आला नाही.

सचिवाची सही पुरते, असं नियमात होतं. दुसऱ्या दिवशी मी सही करून पत्र ऑफिसात दिलं. आठवड्यानं समितीनं मला काढलं आणि तीनमजलींना सचिव केलं. ते एका संध्याकाळी माझ्याकडे आले, हातात कागद.

"मॅडम, जरा अर्ज पाहून द्या. तुमची एनओसी रद्द कराची आहे. तुमचा हात चांगला चालते म्हणून म्हटलं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात संकोच नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की मी तो तपासून देईन. मी लाल पेन घेतलं, 'विनंति' आणि 'निवेदण' या शब्दांखाली रेघ ओढली, कागद परत दिला आणि दार लावून घेतलं. आत नवरा इतका हसला की त्याची पाठ पुन्हा धरली.

तो अर्ज त्यांनी चुकांसकट दिला, पोचही घेतली. पुढं त्याचं काय झालं कोणालाच कळलं नाही. त्या ऑफिसात कोणी अर्ज वाचत नाही. माझे सात अर्ज त्यातच गेले होते. माझ्या आयुष्यात त्या आळसाचा उपयोग एकदाच झाला.

उन्हाळ्यात नाल्यापलीकडे पाइप पडले. काकू आणि मी बघायला गेलो. थोरल्या गवंड्याच्या बायकोनं आम्हाला बाजेवर बसवलं, चहा केला. शेजारच्या घरातली एक तरुण बाई लेकराला काखेत घेऊन आली.

"तुमच्या गल्लीतले लोकं भल्ले चांगले आहेत जी," ती म्हणाली. "नाहीतं कोन देते आपली लाइन?"

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"हो वं बाई," त्या म्हणाल्या. "भल्ले चांगले."